रिव्हॉल्व्हर अडत कसं नाही, आणि अडतं तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो. विजयानंद थिएटर आणि २१ डिसेंबर १९०९ ही तारीख नाशिककरांना वेगळी सांगायला नको. अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या ब्राउनिंगच्या पिस्तुलातल्या होत्या. गोष्ट सांगणारे मात्र सर्रास रिव्हॉल्व्हर म्हणून मोकळे होतात. बोलण्यात चालून जातं, पण यंत्र म्हणून दोन्हींची जात वेगळी.

ब्राउनिंगसारखं पिस्तूल काडतुसाच्या जोरावर चालतं. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, मागे जाते, रिकामं टरफल बाहेर फेकते आणि परतताना नवं काडतूस आत घेते. एखादं काडतूस फुसकं निघालं की ही साखळी तिथेच तुटते. रिव्हॉल्व्हरला काडतुसाकडून कसलीच मदत लागत नाही. चाप ओढणारं बोटच सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरं असलेला गोल दंड, फिरवतं, काडतुसावर ठोका देणारा घोडा मागे नेतं आणि सोडतं. काडतूस उडालं नाही, तर पुन्हा चाप ओढा, पुढचं घर नळीसमोर हजर. (सरावाच्या मैदानावर मात्र आधी थांबायचं असतं, कारण काडतूस उशिरानं पेटू शकतं.) रिव्हॉल्व्हरची सगळी ख्याती आहे ती एवढ्यावर.

यंत्र साधं आहे म्हणून बिघडत नाही, हा समज मात्र खोटा. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर काम करणाऱ्यांना हे चटकन पटेल. टरेट, म्हणजे कापायची टूल्स धरणारं फिरतं चाक, आधी सुटतो, मग फिरतो, मग नेमक्या जागी लॉक होतो. क्रम चुकला की टूल भलतीकडे. रिव्हॉल्व्हरमध्ये हेच काम एक पॉल (सिलिंडर ढकलणारा खटका), सिलिंडरच्या पाठीवरची रॅचेट (दातेरी चकती) आणि खालून खाचेत बसणारा बोल्ट मिळून करतात. सहा घरं, म्हणजे दर खेपेला ६० अंश. घोडा पडण्याआधी बोल्ट खाचेत बसलाच पाहिजे. पॉल झिजला की घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत. मग गोळी नळीच्या तोंडाशी घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात.

त्या खाचेचीही एक गंमत आहे. सहा घरांच्या सिलिंडरमध्ये ती नेमकी घरावर येते, म्हणजे भिंत सर्वांत पातळ असते तिथे. पाच घरांच्या सिलिंडरमध्ये ती दोन घरांमधल्या जाड धातूवर पडते. त्या एका बाबतीत धाकटंच जास्त भक्कम! रुगर कंपनीनं काही मॉडेलांत सहा घरं ठेवूनही खाच जरा बाजूला सरकवली. याच कंपनीनं १९७३ मध्ये आपल्या सिंगल-ॲक्शन, म्हणजे घोडा अंगठ्यानं मागे ओढाव्या लागणाऱ्या, रिव्हॉल्व्हरांत ट्रान्सफर बार आणला. घोडा आणि काडतुसावर आदळणारी फायरिंग पिन यांच्यामध्ये एक पट्टी, आणि ती चाप ओढला तरच वर येते. त्याआधी तशा जुन्या घडणीचं रिव्हॉल्व्हर बाळगणारे शहाणे लोक घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. हातातून पडलं तर गोळी सुटू नये म्हणून.

आता अडण्याबद्दल. रिकामी टरफलं बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे चार कण अडकले तरी सिलिंडर घट्ट बसतो. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये जोरदार काडतुसं वापरली तर धक्क्यानं उरलेल्या गोळ्या टरफलातून पुढे सरकतात आणि चौकटीला अडतात. पिस्तूल अडलं तर स्लाइड ओढून बहुधा मोकळं होतं. रिव्हॉल्व्हर अडलं तर मात्र अवजारं घेऊन बसावं लागतं.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर आपल्या परवानाधारकांच्या ओळखीचं. ते वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या घडणीचं, बिजागरीवर मोडून उघडणारं. २०२३ मध्ये तिथूनच आलेल्या ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर बाजूला उघडतो, चौकट अखंड राहते. मजबुतीत माझा कौल ‘प्रबल’च्या घडणीला.

आपल्याकडची कित्येक रिव्हॉल्व्हरं वापरून झिजतच नाहीत. कपाटात पडून असतात, आचारसंहिता लागली की पोलिस ठाण्यात जमा होतात, आणि परत येऊन पुन्हा कपाटात. त्यांना खातं ते घट्ट झालेलं जुनं तेल आणि चामडी म्यानात धरलेली पावसाळ्यातली ओल. तेल चिकटलं की घोड्याचा ठोका मंद पडतो. तेच तेल काडतुसात झिरपलं तर ते पेटेलच याची खात्री नाही. म्हणून रिकामं करून, कोरडं पुसून, तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि म्यानाबाहेर ठेवावं. आतली यंत्रणा मात्र घरी स्क्रूड्रायव्हर लावून उघडू नये. ते परवाना असलेल्या शस्त्रदुरुस्ती कारागिराकडे द्यावं. नमस्कार.