हिरव्या कुपीची तक्रार

अध्यक्षांनी मघाशी विषय सांगितला, ‘मालिकांमधल्या साथी आणि विषाणूचा अधिशयन काळ’. शब्दच असा, की ऐकणाऱ्यानं अंथरूण धरावं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचे दिवस, एवढाच त्याचा अर्थ. तिकडे वळतोच, पण आधी पोटातली एक तक्रार बाहेर काढू द्या. हिरव्या कुपीची.

तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय ती. अंधारी प्रयोगशाळा, पोलादी पेटी, झाकण उघडलं की पांढरी वाफ आणि आत झळाळणारं हिरवंगार पाणी. आमच्या घरी हे दृश्य आलं की बायको आधीच हात वर करते, “कळलं, बोलू नका.” म्हणून इथे बोलतो. तुम्हाला उठून जाता येणार नाही, दार माझ्या बाजूला आहे.

अहो, बहुतेक विषाणू २० ते ३०० नॅनोमीटरचे. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून जे चित्र येतं ते काळं-पांढरं. रंग मागाहून कुणीतरी हौसेनं भरतो. मग खरी कुपी कशी दिसते? गुलाबी! पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात सहसा फिनॉल रेड नावाचा, आम्लता दाखवणारा रंग असतो. सगळं ठीक असेल तर द्रव लालसर, आम्लता वाढली की पिवळा. म्हणजे जगबुडी आणणारा विषाणू दिसायला लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधासारखा. त्याला कोण घाबरणार?

पोशाखाचीही तीच गत. चौथ्या, म्हणजे सर्वांत कडक सुरक्षापातळीच्या प्रयोगशाळेत पोशाखात नळीनं हवा सोडतात. आतला दाब जास्त, म्हणजे कुठे फाटलंच तर हवा बाहेर जाईल, आत येणार नाही. त्या हवेचा कानाशी इतका घोंघाट असतो, की शेजारच्याचं बोलणं धड ऐकू येत नाही. आणि मालिकेत नायिका काचेला काच टेकवून कुजबुजते, “मी तुला तेव्हाच क्षमा केली होती.” त्या बिचाऱ्याला ‘चिमटा दे’ असं ऐकू गेलं असेल.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत म्हणे. आता मूळ विषयाला हात घालावाच लागणार.

तर मुद्दा असा, की मालिकेतल्या विषाणूला फार घाई. लागण पहिल्या जाहिरातीआधी, मरण दुसरीआधी. असा विषाणू लांब जात नाही, माणूस गाडी पकडायच्या आतच आडवा. पसरायचं तर रुग्ण हिंडता-फिरता हवा. २००३ सालचा सार्स बघा. लागण झालेल्या दहांतला जवळपास एक दगावला, पण संसर्ग पसरायचा तो मुख्यतः माणूस आजारी दिसू लागल्यावर. ताप मोजा, वेगळं ठेवा. साधारण आठ हजार रुग्णांवर साथ त्याच वर्षी आटोक्यात. कोविड मात्र लक्षणांच्या आधीच पसरत होता. तापमापक धरायचा कुणावर?

हे मर्म एका जुन्या ब्रिटिश मालिकेनं पकडलं होतं. टेरी नेशन यांची ‘सर्व्हायव्हर्स’, बीबीसी, १९७५. शीर्षकदृश्यात प्रयोगशाळेत काचेचं भांडं फुटतं. पुढे ना वाफ, ना हिरवं पाणी. विमान, आणि पासपोर्टवर पडणारे शिक्के, एकामागून एक. शिक्का मारून घ्यायला रांगेत उभं राहावं लागतं, म्हणजे माणूस अजून धडधाकट आहे! सगळा अधिशयन काळ त्या शिक्क्यांत आला. माझं व्याख्यान खरं तर तेवढंच होतं.

मालिका १९७७मध्ये संपली. पुढच्याच वर्षी, त्याच देशात, बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयात देवीच्या विषाणूच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या एका छायाचित्रकार बाईंना देवी आल्या. त्यातच त्या गेल्या. देवीनं घेतलेला जगातला तो शेवटचा बळी. विषाणू वर कसा पोचला, यावर चौकशीनंतरही एकमत नाही. आणि त्या आजारी पडल्यापासून देवी ओळखायला जवळपास दोन आठवडे गेले, वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी असून! ते दोन आठवडे एका भागात कसे दाखवायचे, हे मालिका लिहिणाऱ्या कुणाला तरी विचारायचं होतं, पण दुसरी चिठ्ठी आली. बसतो.