एक टिक आणि सीतेची आसवं

नमस्कार मंडळी! आज ग्रुपबद्दल बोलू. हो, तोच, जो तुम्ही कायमचा म्यूट करून ठेवलाय.

आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, निम्मं गाव मुंबईला. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी पालखीच्या वेळेवरून भांडण, रात्री कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण. मी तो उघडतसुद्धा नव्हते.

मग आली ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. लॉकडाऊन होता, मुंबईतले मुंबईतच अडकलेले. सकाळी गावातून व्हिडिओ येत होते, पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, पार जमिनीला टेकत होत्या. आणि एकदम सगळं शांत. वीज गेली, टॉवर गेले.

इथे एक बारीकशी गोष्ट सांगते. ग्रुपवरच्या मेसेजला दुसरी टिक येते ती तो प्रत्येकाच्या फोनवर पोहोचल्यावरच. एक जरी फोन बंद असला, तरी टिक एकच. पण मेसेज दाबून धरून त्याची माहिती उघडली, की कुणाकुणाला पोहोचला ती नावं दिसतात. मी फक्त ‘आहात का?’ एवढंच टाकलं होतं आणि रात्रभर ती नावं बघत बसले. दादर, डोंबिवली, विरार... सगळी मुंबईकडचीच.

तिसऱ्या दिवशी गावातलं पहिलं नाव उमटलं. शेजारच्या काकांचं. गाडीच्या बॅटरीवर फोन चार्ज करून, पडलेली झाडं ओलांडत, रेंज मिळेल त्या टेकाडावर चढले होते. धापा टाकत घराघराची खबर एकाच व्हॉइस मेसेजमध्ये. माणसं ठीक, कौलं गेली, सुपारीच्या वाड्या झोपल्या.

त्यानंतर पालखीचं भांडण मिटलं म्हणता? छे! पण त्याच ग्रुपवर पत्रे किती, ताडपत्र्या किती, टेम्पो कधी निघणार, हेही ठरलं. सुपारीचं रोप लावल्यावर फळ धरायला पाचसात वर्षं जातात, त्यामुळे रोपांची चर्चा पुढे कितीतरी दिवस चालली.

हे झालं आपल्याला ओळखणाऱ्या माणसांचं. आता आपल्याला अजिबात न ओळखणारी.

पावसाळ्यात आमच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, इवली जांभळी फुलं येतात. आई म्हणते, सीतेची आसवं. मी फोटो काढून आयनॅचरलिस्टवर टाकला. २००८ साली सुरू झालेली ही साइट. तुम्ही फोटो, तारीख, जागा टाकायची, बाकीचे नाव सुचवतात. दोनतृतीयांशाहून जास्त जणांचं जातीवर एकमत झालं, की ती नोंद अभ्यासाला वापरण्याजोगी ठरते. आता माझ्या फोटोवर कुणी अनोळखी माणूस काय लिहितो, तर ‘फुलाची मागची बाजू दाखवा, शेपटी दिसली पाहिजे.’ ना नमस्कार, ना चमत्कार! परत गेले, कातळावर पालथी पडून फोटो काढला. तेव्हा त्याच्याकडून कळलं की हे झाड मांसाहारी आहे. जमिनीखाली त्याला बारीक पिशव्या असतात, पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात ओढले जातात.

आईला सांगितलं. ती म्हणाली, “सीतेची आसवं आणि मांसाहारी? काहीतरीच!”

मग तो फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लगेच तीन गुड मॉर्निंग. आणि काकांचा प्रश्न, “आमच्या सड्यावरचंच का गं हे?”

पाऊस उघडला, तर पुढचा व्हिडिओ तिथूनच. काका येतो म्हणालेत.