मुठीपासून पेटीपर्यंत

(दृश्य : वडोदऱ्याच्या कारेलीबागेतल्या एका सोसायटीचं अंगण. सकाळ. पांढरी मारुती 800. गिअरच्या मुठीवर एक वयस्क हात.)

हा हात माझ्या बाबांचा. इंजिन बंद आहे, दुसरा गिअर टाकलेला आहे. तरीही मूठ कशी डुलते आहे बघा. गिअर पडला की मुठीने जागेवर राहायला हवं. थोडा खेळ चालतो. आमच्या गाडीत मी टेप लावून मोजला, तर साडेपाच सेंटीमीटर भरला.

गाडी 1996ची. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि चार गिअर. बाबांनी ती नवी घेतली आणि त्यांच्याखेरीज फारसं कुणी चालवलीच नाही. खोड इतकी वर्षं लपून राहिली ती यामुळेच. गिअर एका दिवसात ढिला होत नाही. तो केसाकेसाने झिजतो, आणि चालवणाऱ्याचा हात तेवढंच शिकत जातो. बाबा दुसरा टाकताना मूठ आधी डावीकडे दाबायचे, मग मनगटाला एक पीळ देऊन खाली ओढायचे. विचारलं तर म्हणायचे, "असाच पडतो तो."

दिवाळीत मी घरी आलो, गाडी घेऊन रावपुऱ्यात गेलो. तिसऱ्यावरून दुसरा टाकायला गेलो आणि चौथा पडला. गाडीने दोन आचके दिले आणि भर रस्त्यात बंद पडली.

बाबा कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी 1890मध्ये सुरू केलेली ती तंत्रशिक्षणाची संस्था. पुढे सगळी नोकरी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, लेथवर. शतांश मिलिमीटरमध्ये काम करणारा हा माणूस, आणि त्याच्या डाव्या हाताखाली साडेपाच सेंटीमीटरचा खेळ वाढत गेला, तरी त्याला तो जाणवला नाही. यात त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही. हात असाच असतो.

(दृश्य : गॅरेजमधला खड्डा. वरून दिसणारं गाडीचं पोट.)

आम्ही आधी एका गॅरेजात गेलो होतो. तिथे मूठ दोनदा हलवून बघितली आणि सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. त्या सल्ल्याचा मला आजही राग येतो, कारण तिथे कुणी गाडीखाली वाकूनही पाहिलं नव्हतं.

इथले मिस्त्री वेगळे. बाबांच्याच वयाचे, बाबा त्यांना नुसतं 'भाई' म्हणतात. त्यांनी बाबांना स्टिअरिंगपाशी बसवलं, आपण बॅटरी घेऊन खड्ड्यात उतरले आणि खालून हाक दिली. बाबा मूठ हळूहळू हलवत राहिले, भाई खालून बघत राहिले. एवढीच तपासणी. मूठ हलली, पण पुढचा तुकडा हलला नाही, तर हालचाल तिथेच हरवते. मिनिटभराने खालून आवाज आला, "बॉक्स खोलवानी जरूर नथी. सांधा ढीला छे."

हे सांधे कुठले, ते जरा नीट बघू. या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे आडवे बसवलेले आहेत, आणि गिअरची मूठ दोन सीटच्या मध्ये. मधलं अंतर एक लांब रॉड जोडतो. मूठ पुढेमागे केली की हा रॉड सरकतो, डावीउजवीकडे केली की वळतो. तुमच्या हातातलं सगळं म्हणणं गिअरबॉक्सपर्यंत पोचवायचं काम त्याचं एकट्याचं. त्याच्या दोन्ही टोकांना सांधे आहेत आणि सांध्यांत छोटे बुश, म्हणजे प्लॅस्टिकच्या नळकांड्या, बोटाच्या पेराएवढ्या. मुठीच्या दांड्याला खालच्या बाजूला एक गोळा असतो, तो प्लॅस्टिकच्या वाटीत बसतो. झिजतात ते हे बुश आणि ही वाटी. गिअर मात्र आत तेलात बुडालेले, शाबूत असतात.

शेजारी अजून एक रॉड दिसतो. तो काही ढकलत नाही. मुठीचं घर आणि गिअरबॉक्स यांच्यातलं अंतर धरून ठेवतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, गॅरेजात त्याला फाउंडेशन म्हणतात. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की इंजिन हलतं. त्या हलण्याने गिअर सुटू नये म्हणून हा रॉड. तुमच्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडताच मूठ पुढेमागे नाचत असेल, तर आधी याचं रबर आणि फाउंडेशन बघा.

आता साडेपाच सेंटीमीटर आले कुठून? आमच्या गाडीत गोळ्याच्या वरचा दांडा खालच्या तुकड्याच्या साधारण चौपट निघाला. म्हणजे खाली एक मिलिमीटरचा खेळ असेल, तर मुठीपाशी तो चार मिलिमीटर होतो. आणि सांधा एकच नाही. प्रत्येकाची झीज पुढच्यात मिळत जाते, मग सगळी मिळून वर हाताला लागते. भाईंनी गिअरबॉक्सकडचा बोल्ट काढला, तेव्हा जुना बुश अख्खा बाहेर आलाच नाही. त्याचा भुगा हातावर पडला.

त्या भुग्याबरोबर चिखलही होता. 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा ही गाडी पोटापर्यंत पाण्यात उभी होती. त्यानंतर आम्ही सीट वाळवल्या, कार्पेट बदललं, इंजिनाचं तेल बदललं. रॉडचे सांधे कुणाच्या मनातही आले नाहीत. ग्रीस धुऊन गेलं, गाळ आत बसला, आणि तोच गाळ प्रत्येक गिअरला कानशीसारखा घासत राहिला. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेलही न चुकता बघायला हवं. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. आमचं काळपट होतं, पण पाणी नव्हतं. बदलताना भाईंनी डब्यावरचा 'जीएल-4' दाखवला, हा गिअरच्या तेलाचा प्रकार. 'जीएल-5' नावाने वरचढ वाटतं, पण ते वेगळ्या कामाचं तेल आहे. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं जुन्या गाडीच्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (त्यांचं काम पुढे येतंच) मानवतीलच असं नाही.

(दृश्य : फडक्यावर मांडलेले भाग. मायक्रोमीटर हातात घेतलेले बाबा.)

इथे बाबा जागे झाले. सांध्यातल्या बुशमधून जाणारी पिन पुसून त्यांनी मायक्रोमीटर लावला. झिजलेल्या आणि न झिजलेल्या जागेत 0.4 मिलिमीटरचा फरक. नख फिरवलं तर पायरी लागत होती. नवा बुश या पिनवर घातला असता तर तो पहिल्या दिवसापासून ढिलाच राहिला असता. बुशचं किट स्वस्तात मिळतं, म्हणून लोक तेवढंच बदलतात आणि महिन्याभराने म्हणतात, काही फरक पडला नाही. पिन आणि तिचं भोक तपासल्याशिवाय किट बसवू नका. भोक अंड्यासारखं लांबट झालं असेल, तर तो तुकडाच बदलावा लागतो.

नवी पिन बाबांनी स्वतः काढून आणली, मकरपुऱ्यातल्या जुन्या सोबत्याच्या लेथवर. सोबत पितळेचे बुशही करून आणले, चकचकीत, अगदी बेताच्या मापाचे. भाईंनी ते हातात घेतले, कौतुक केलं आणि परत दिले. धातूवर धातू बसवला, तर इंजिनाची सगळी थरथर मुठीत येते. शिवाय ग्रीस सुकलं की पितळ पिनला खायला लागतं. प्लॅस्टिकचा बुश झिजतो, कारण त्यानेच झिजावं अशी योजना आहे. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." ते बुश आता आमच्या शोकेसमध्ये आहेत. मला ते फार आवडतात.

बसवायला दोन तास लागले. प्लॅस्टिकच्या बुशांना आणि वाटीला ग्रीस, रबराला मात्र नाही. साध्या ग्रीसने रबर फुगतं. बोल्ट आवळल्यावर इंजिन बंद ठेवून चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले. भाई पुन्हा खड्ड्यात, बाबा वर. प्रत्येक गिअर पूर्ण बसतो का, की मुठीभोवतीचं नवं रबर तिला मागे लोटतं, हे बघायचं असतं. अर्धवट बसलेला गिअर चढावर निसटतो.

घरी हे काम करणाऱ्यांना एकच विनंती. खड्डा नसेल तर गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर टेकवा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जाऊ नका. कितीही छोटं काम असो.

सगळंच सुधारलं असं नाही. सकाळी थंड गाडीत घाई केली, तर दुसरा गिअर अजून किंचित करकरतो. तो आवाज सांध्यांचा नाही, आतल्या सिंक्रो रिंगचा. दोन दातेरी चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरत असताना ही पितळी रिंग घासून त्यांचा वेग जुळवते, मग गिअर बसतो. 1928मध्ये कॅडिलॅकने ही सोय पहिल्यांदा गाडीत आणली. त्याआधी हा मेळ चालवणाऱ्याला क्लच दोनदा दाबून स्वतःच घालावा लागे. एकाच गिअरला करकर असेल तर बहुधा त्या गिअरची रिंग झिजलेली असते. सगळ्याच गिअरांना आणि रिव्हर्सलाही असेल, तर आधी क्लचची केबल बघावी. क्लच पूर्ण सुटत नसणार. आमच्या रिंगेचं काय करायचं, असं विचारल्यावर भाई म्हणाले, न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबा, मग दुसरा टाका. अजून काही वर्षं जातील.

(दृश्य : चालत्या गाडीच्या आतून. काळ्या घोड्याचं सर्कल.)

टेप पुन्हा लावली, तर दीड सेंटीमीटर.

आता गाडी बाबा चालवताहेत. कमाटीबाग मागे पडली. पुढे वळण आहे, तिसऱ्यावरून दुसरा. त्यांचा हात बघा. आधी डावीकडे दाब, मग मनगटाचा तो पीळ. मूठ अडली. पीळ द्यायला जागाच उरलेली नाही.

बाबांनी हात काढून घेतला, परत ठेवला. या वेळी फक्त दोन बोटं.

दुसरा पडला.