वॉलिंगफर्ड: टेम्सच्या उतारावरचं बाजाराचं गाव

मंडळी, नमस्कार.

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना ऑक्सफर्डला नेतो. तिथून टेम्सच्या काठाने खाली वॉलिंगफर्ड लागतं, पण तिथे सहसा कुणी थांबत नाही. मला याची फार चुटपुट लागते.

इथे टेम्सला उतार होता, पायी पलीकडे जाता यायचं. म्हणून तर हे गाव वसलं. नवव्या शतकाच्या अखेरीस, आल्फ्रेड राजाच्या काळात, डेन लोकांच्या धाडी रोखण्यासाठी तीन बाजूंनी मातीचा तट घातला गेला. चौथ्या बाजूला नदी होतीच. आत काटकोनात रस्ते आखले. अकराशे वर्षांनंतरही तुम्ही त्याच आखणीवरून चालता! १०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकलेल्या विल्यमने लंडनला वळसा घालून नदी ओलांडली ती इथेच. मग किल्ला उभा राहिला. त्यासाठी आठ घरं पाडल्याची नोंद डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यमने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत, आहे. पुढे गादीसाठी स्टीफन राजा आणि पहिल्या हेन्रीची मुलगी मटिल्डा यांच्यात यादवी झाली. तीत या किल्ल्याने मटिल्डाची बाजू धरली, आणि तिचा मुलगा दुसरा हेन्री गादीवर आल्यावर ते विसरला नाही. ११५५ मध्ये त्याने गावाला सनद दिली, बाजाराचे हक्क दिले.

पण बाजार वाटेवर जगतो. १३४९ च्या प्लेगने गाव खचलं, आणि १४१६ मध्ये वरच्या अंगाला ॲबिंग्डनजवळ नवे पूल झाल्यावर लंडनचा व्यापारी रस्ताच तिकडे वळला. इथली चर्चसुद्धा एकेक करून ओस पडली. राजा आणि संसद यांच्यातल्या यादवीत किल्ला राजाच्या बाजूने १६४६ पर्यंत लढला आणि १६५२ मध्ये पाडला गेला. मला वाटतं, गाव वाढलं नाही म्हणूनच त्याचा जुना तट टिकला. भरभराटीच्या गावात त्याच्यावर कधीच घरं चढली असती.

आता आपल्या शेतकरी घरांतल्या मंडळींसाठी खास. पूल ओलांडला की क्रोमार्श गाव. तिथल्या हाउबेरी शेतावर १७०१ च्या सुमारास जेथ्रो टल याने पेरणीयंत्र बनवलं. बी पाडण्याची युक्ती त्याला ऑर्गन वाद्याच्या रचनेवरून सुचली. यंत्र एका वेळी तीन ओळी पेरायचं, अगदी आपल्या तिफणीसारखं! फरक इतकाच, की आपल्याकडे चाड्यावर मूठ धरायला माणूस लागतो, तिथे ते काम चाकाच्या गतीवर होई. ओळीत पेरलं की मधून कोळपता येतं, हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. टलला तेच इंग्लंडमध्ये हयातभर पटवून द्यावं लागलं.

यंदाच्या सहलीसाठी मी समितीपुढे वॉलिंगफर्डचं नाव ठेवते आहे. शुक्रवार धरून जाऊ. १६७० च्या, खांबांवर उभ्या टाउन हॉलसमोर त्या दिवशी बाजार भरतो.