डीएनए आकडा देतो, नाव जमिनीच्या कागदात सापडतं

पूर्वज शोधायला केलेल्या डीएनए टेस्टचा रिपोर्ट आला की बहुतेक जण आधी तो रंगीत नकाशा उघडतात. इतके टक्के इकडचे, इतके तिकडचे. बघा, मजा घ्या आणि बंद करा. कंपनीने तुलनेचे नमुने बदलले की ते टक्केही बदलतात. कामाची गोष्ट पुढे आहे: ज्यांचा डीएनए तुमच्याशी जुळतो, त्या माणसांची यादी.

प्रत्येक नावापुढे सेंटिमॉर्गनचा, म्हणजे जुळणारा डीएनए किती ते मोजायच्या एककाचा, आकडा असतो. सख्ख्या चुलत किंवा मामेभावाशी तो सरासरी ८५० च्या आसपास येतो. पण ८५० दिसला म्हणजे चुलतभाऊच? नाही हं. सावत्र काकाशीही जवळपास तेवढाच जुळतो. नातं किती जवळचं हे कळतं, कुठून आलं ते नाही. आणि मागे जाल तसा धागा विरतो. खापरपणजोबा एकच असलेल्या भावंडांच्या साधारण दहातल्या एका जोडीत जुळणारा तुकडाच सापडत नाही. नातं खरं, रिपोर्ट कोरा! म्हणून घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची टेस्ट आधी करा. अर्थात, त्यांना विचारून.

आता जमीन. जन्माची नोंद राहून जाईल, पण जमिनीची वाटणी बरेचदा कागदावर येते. वाटणीपत्रात भावंडांची नावं येतात, हक्क सोडणाऱ्या बहिणीची सही येते, नव्या आडनावासकट. आणि माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे चतुःसीमा. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. एकाच गावात एकाच नावाची दोन माणसं असली, तर ती शेजाऱ्यांवरून वेगळी काढता येतात.

आयर्लंडचंच बघा. १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला आग लागली आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद जळाले. तिथले लोक आता १८४७ ते १८६४ मध्ये छापलेलं ग्रिफिथचं मूल्यांकन, म्हणजे जमिनी आणि घरांच्या मूल्याची सरकारी यादी, उघडतात. केलं होतं कर बसवायला, पण त्यात जमीन कोणाकडे, मालक कोण, क्षेत्र किती, सगळं आहे. बायकामुलांची नावं मात्र नाहीत. ती उणीव काही अंशी डीएनए भरून काढतो: एकाच जमिनीच्या तुकड्यापाशी पोचणारी दोन घराणी रक्तानेही जुळतात का, ते तपासता येतं.

तेव्हा यादीतल्या अनोळखी माणसाला मेसेज करताना ‘आपण एकमेकांचे कोण लागतो?’ असं विचारू नका. त्यालाही ते माहीत नसतं. ‘तुमच्या पणजोबांची जमीन कुठे होती?’ असं विचारा.