भाव गळ्यात कुठे तयार होतो?

गाण्यात भाव आणा म्हटलं की बरेच विद्यार्थी आवाज थरथरवतात, शेवटच्या स्वराला हुंदक्यासारखा झटका देतात. त्यांची तळमळ खरी असते. पण खरं रडू येतं तेव्हा काय होतं ते आठवा. स्वरयंत्र वर ओढलं जातं, गळा आवळतो, श्वास तुटक होतो. त्या अवस्थेत सूर लागणं कठीण. म्हणून करुण गीत गाणाऱ्याचा गळा तर अगदी मोकळा हवा.

आता एक करून पाहू. षड्ज, म्हणजे 'सा', लावा आणि त्याच स्वरावर 'तू आलास' म्हणा. आधी आनंदानं, मग तक्रारीच्या सुरात, मग वाट पाहून थकलेल्या माणसासारखं. स्वर बदलायचा नाही, आवाज चढवायचा नाही.

ऐकलंत? आनंदात 'आ' झटकन उघडला. तक्रारीत सगळा भार 'तू'वर गेला. थकव्यात 'ला' लांबला आणि 'स' श्वासातच विरला. षड्ज तोच होता! कण, मींड, मुरकी, म्हणजे स्वर सजवण्याच्या पद्धती, या सगळ्या नंतरच्या गोष्टी. अक्षर कसं उचलता आणि कसं सोडता, तिथे भाव आधी तयार होतो.

सुधीर फडक्यांचं गाणं या कानानं ऐका. 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. गीतं ५६. नभोवाणीवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे अनेक गायक होते. पुढे जाहीर कार्यक्रमांत मात्र बाबूजी, म्हणजे फडके, एकटे पेटी घेऊन सगळी पात्रं गायचे. सीतेसाठी बाईचा आवाज काढावा, रामासाठी आवाज जड करावा, असलं काही नाही. गळा तोच, पण शब्दावरचा भार बदलायचा, ओळीतला ठहराव बदलायचा, आणि समोर वेगळं माणूस उभं राहायचं. मराठी सुगम गायनात तंत्र आणि भाव इतके एकजीव झालेले मला दुसरीकडे क्वचितच दिसतात.

श्वासाचंही तसंच. 'वाट पाहून थकले डोळे' ही ओळ घ्या. 'थकले'नंतर श्वास घेतलात तर डोळे एकटे पडतात. 'पाहून'नंतर घ्या, 'थकले डोळे' एकत्र राहतात. चाल शिकण्याआधी कविता मोठ्यानं वाचा आणि श्वासाच्या जागा पेन्सिलीनं कागदावर मांडा. दम पुरत नाही म्हणून कुणी खट्टू होऊ नका. क्षयानं कुमार गंधर्वांचं एक फुप्फुस निकामी झालं होतं. त्यांच्या गाण्यातले छोटे, उसळणारे स्वरसमूह आणि मधली शांतता ऐका. ती शांततासुद्धा गाते.

एक जागा फार जण चुकवतात, ती म्हणजे हळू गाणं. आवाज लहान करताना पोटातला श्वासाचा आधारही सुटतो, मग सूर उतरतो आणि आवाजात नुसती हवा भरते. ओळ आधी पूर्ण आवाजात गा. पोट तसंच सावध ठेवून आवाज निम्मा करा, मग त्याच्याही निम्मा. माइक थोडा जवळ घ्या, बाकीचं काम तो करतो. तानपुरा चालू ठेवा आणि ओळीचा शेवटचा स्वर त्याच्याशी जुळतोय का, ते प्रत्येक वेळी तपासा. चला, आता तुमच्यापैकी कुणीतरी पुढे या, 'वाट पाहून थकले डोळे' हीच ओळ घेऊ.