पोलादाला वेळ किती दिला?

(दृश्य : टेस्टिंग लॅब. यंत्राच्या जबड्यात पोलादाची पट्टी.)

इंदूरमधल्या एका कॉलेजची टेस्टिंग लॅब. यंत्राच्या दोन जबड्यांत पोलादाची चपटी पट्टी उभी धरलीये, टोकांना रुंद, मध्ये अरुंद. मधला 50 मिलिमीटरचा भाग मिनिटाला 3 मिलिमीटर या चालीनं ताणला जातोय. पंपाची घरघर सोडली तर काही घडतंय असं वाटत नाही. चहा येतो, पिऊन होतो. मग पट्टीच्या मध्यावर बारीकशी कंबर दिसू लागते, आणि धाडकन आवाज! हा आवाज येणार हे माहीत असतं, तरी माणूस दचकतोच.

पडद्यावरचा आकडा 1000 मेगापास्कलच्या घरातला. म्हणजे आगकाडीएवढ्या जाडीच्या पट्टीला जवळजवळ 400 किलो टांगता येतील.

सोबत माझे मामा आहेत. त्यांची सगळी नोकरी इंदूरजवळच्या पिथमपूरच्या एका प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या कारखान्यात झाली. हा जास्त ताकदीचा पत्रा आला तेव्हा त्यांची झोप उडाली होती. "साधा पत्रा नव्वद अंशांत वाकवला की जवळपास तिथंच बसतो," ते सांगतात. "हा सोडला की उघडतो. डाय, म्हणजे साचा, मुद्दाम जास्त वाकडी ठेवावी लागते."

पण प्रेसपेक्षा कठीण परीक्षा रस्त्यावर होते.

(दृश्य : चुरगळलेल्या बंपरमागचा पत्रा, जवळून.)

भारत एनकॅप ही गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी. तिच्या समोरासमोरच्या धडकेत गाडी 64 किलोमीटरच्या वेगानं अडथळ्यावर जाते. सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा. लॅबमधल्या पट्टीपेक्षा तिथला पत्रा लाखभर पट वेगानं ताणला जातो. मग लॅबमधला आकडा तिथं कसा चालेल?

नाही चालत. पोलाद वाकतं म्हणजे आतल्या स्फटिकांत अणूंच्या ओळी एकमेकींवरून सरकतात. या सरकण्याला डिसलोकेशन नावाचा दोष वाट करून देतो. वाटेत अडथळे असतात आणि अणूंची स्वतःची थरथर ते ओलांडायला हातभार लावते. सावकाश ओढलं तर त्या थरथरीला असंख्य संधी मिळतात. एकदम ठोकलं तर तेवढी सवड नाही, मग उरलेला जोर बाहेरून लावावा लागतो. म्हणून वेगात पोलाद जास्त कडक वागतं.

इथं एक गंमत आहे, आणि ती मला स्वतःला उशिरा कळली. साधं पोलाद फार वेगात जवळपास दुप्पट ताकद दाखवू शकतं, मात्र दीड हजार मेगापास्कलचं पोलाद थोडंच वाढतं. ढोबळमानानं वाढ दोघांची सारख्याच मापाची असते. दोनशे रुपये पगारावर दीडशेची वाढ मिळाली तर पेढे वाटतात, पंधराशेवर तेवढीच मिळाली तर घरी सांगतही नाहीत.

हे मोजायचं कसं? नेहमीच्या यंत्रावर जोरात ओढलं तर बळ मोजणारा लोडसेलच घंटेसारखा थरथरत राहतो. 1914 साली बर्ट्राम हॉपकिन्सन यांनी लांब पोलादी दांड्यातून जाणारी लहर वापरून स्फोटाचा दाब मोजला. 1949 मध्ये हर्बर्ट कोल्स्की यांनी दोन दांडे घेऊन मध्ये नमुना ठेवला. ठोका बसला की लहर सेकंदाला सुमारे 5 किलोमीटर वेगानं धावते, नमुना चिरडते, आणि दांड्यांवर चिकटवलेले ताण मोजणारे गेज तिचा माग घेतात. चाचणी सेकंदाच्या काही दशहजाराव्या भागात संपते. चहा मागवायची सोय नाही.

(दृश्य : मामांच्या हातात तार.)

वेगाचा दुसरा परिणाम उष्णतेचा. मामा खिशातून तारेचा तुकडा काढतात, भराभर पाचसहा वेळा मागंपुढं वाकवतात आणि माझ्या मनगटाला टेकवतात. चटका! लहानपणी हाच खेळ ते आम्हा भाचरांशी खेळायचे. वाकवण्यात खर्चलेल्या श्रमाचा बहुतेक भाग उष्णता होतो. 1000 मेगापास्कलवर वीस टक्के ताणलेलं पोलाद, उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळाला नाही, तर सुमारे 50 अंशांनी तापतं. तापलं की थोडं नरमतं. कधी सगळी विकृती, म्हणजे आकारातला बदल, एका अरुंद पट्ट्यात गोळा होते आणि तुकडा तिथंच फाटतो. ट्रिप जातीच्या पोलादात तर ही ऊब आतल्या ऑस्टेनाइट नावाच्या मऊ स्फटिकरचनेचं मार्टेन्साइट नावाच्या कडक रचनेत बदलणंच रोखू शकते, आणि नेमका त्याच बदलाच्या भरवशावर ते पोलाद निवडलेलं असतं.

यंत्राच्या जबड्यातून मामा तुटलेले दोन्ही तुकडे काढतात. कंबरेवर अंगठा ठेवतात, जरा वाट बघतात.

"कोमटसुद्धा नाही रे."

"हळू ओढलाय ना, मामा."